हातावरचा कोंबडा

सासऱ्यांनी सरळ ‘नाही’ म्हटलं असतं तर मस्तुरा भांडली तरी असती. पण पाक मातनावींच्या तोंडून नाही हा शब्द कधी बाहेरच पडत नसे. मलेशियातून मोक्सेनचा फोन आला होता. कागद झालेत, मजुरांच्या खानावळीत स्वयंपाकिणीची जागा आहे, रमजानच्या आधी ये, उशीर झाला तर मुकादम दुसरी बाई बघेल. सहा वर्षांत नवऱ्याच्या तोंडून ‘ये’ हा शब्द ती पहिल्यांदा ऐकत होती. तिनं भीत भीत सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि म्हणाले,

“जा की पोरी. नवऱ्याकडं जायला कोण अडवतंय? तीन आठवड्यांनी गुरुवारची बोट आहे, तिनं जा. तेवढी चामातला नासिफाच्या हाताची सवय लाव, म्हणजे झालं.”

मस्तुराला त्या दिवशी खरंच वाटलं की झालं.

चामात हा परसातला रानकोंबडा. काळा हिरवा, मानेवर माशाच्या खवल्यांसारखी पिसं, तुरा बुडाशी निळा आणि कडेला जांभळा. कांगेयान बेटावर तालुक्याच्या साहेबाला चामात म्हणतात. हाही त्या साहेबासारखाच मान ताठ ठेवून चालतो आणि कारण नसताना रागावतो, म्हणून तेच नाव पडलं. बेटावरचे लोक असले रानकोंबडे गावठी कोंबड्यांवर घालून बेकिसार काढतात. बेकिसारची बांग अशी की सुराबायाचे शौकीन त्याला पिंजऱ्यासकट उंच खांबावर चढवतात आणि खाली खुर्च्या टाकून ऐकत बसतात. पण बेकिसारला पुढं पिल्लं होत नाहीत, खेचरासारखीच गत. त्यामुळं प्रत्येक बेकिसार नव्यानं करावा लागतो. त्याला रानकोंबडा लागतो, आणि रानकोंबड्याला माणूस लागतं.

कारण रानकोंबडा गावठी कोंबडीला हिंग लावून विचारत नाही. दोघांना एका खुराड्यात घाला, तो एक तर तिला टोचून अर्धमेली करील, नाहीतर कोपऱ्यात पाठ करून बसेल. म्हणून माणसानं उकिडवं बसायचं, कोंबडी पुढ्यात दाबून धरायची, एक हात तिच्या छातीखाली, दुसऱ्यानं पंख आवळून शेपूट बाजूला करायची, आणि हलायचं नाही. कोंबडा ज्याच्या हाताचा असेल त्याच्याकडं येतो. एक पंख जमिनीला घासत अर्धा वेढा घालतो, उलटा फिरून दुसरा घालतो, चढतो, आणि चार आकडे मोजून होईस्तोवर उतरलेलाही असतो. मग पिसं झटकून असा चालू लागतो, जसं काही त्या गावचाच नाही. शेजारच्या बाया कुंपणावरून बघायच्या आणि पोट धरून हसायच्या.

“मस्तुरे, एक दादला मलेशियात आणि एक परसात! तुझी चंगळ आहे बाई.”

“घेऊन जा ना तुमच्याकडं चार दिवस,” मस्तुरा म्हणायची, आणि हसायची. मोसमात रोज सकाळी, कधी दुपारी पुन्हा, पाच वर्षं ती अशी उकिडवी बसली होती. माहेरी, पलीकडच्या बेटावर, आई आजारी पडली तेव्हा मोसम होता. आई गेली तेव्हाही मोसमच होता.

नासिफा ही धाकटी जाऊ, लग्नाला वर्षही न झालेली. तिचा नवरा होस्नान ग्रेसिकला गोदीत होता आणि ईदनंतर खोली घेऊन तिला नेणार होता. नासिफा हौशी. कुठलंही काम सांगा, आधी हसणार आणि मग विचारणार की करायचं कसं. बेटावर बापाला पाक आणि आईला बू म्हणतात, तशी ती थोरल्या जावेला मबाक, म्हणजे ताई, म्हणायची. तिला आनंदच झाला.

“मबाक, तुम्ही बघाच. आठ दिवसांत तुमचा साहेब माझ्या मागं मागं फिरतो की नाही!”

बेटावर सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की कोंबडा सारोंग ओळखतो. रंग आणि वास. म्हणून धरणारी बाई त्या कामाचा सारोंग वेगळा ठेवते आणि मोसमभर धूत नाही. मस्तुराचा तपकिरी सारोंग नासिफानं नाक चिमटीत धरून नेसला, कोंबडी पुढ्यात घेतली आणि बसली. चामात खुराड्यातून बाहेर आला. दोन पावलं टाकली, मान तिरकी करून बघितलं, आणि सरळ उडी घेऊन नासिफाच्या मनगटावर नखी मारली. कोंबडी सुटली, नासिफा किंचाळली, रक्त कोपरापर्यंत आलं.

“पहिल्या दिवशी असं होतंच,” मस्तुरा हळद दाबत म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही झालं, चौथ्या दिवशीही. आठव्या दिवशी नासिफाच्या दोन्ही हातांना चिंध्या बांधलेल्या होत्या आणि ती मक्याचा भात चमच्यानं खात होती. पाक मातनावी रोज संध्याकाळी मशिदीतून आले की विचारायचे, “काय, रुळला का तिच्या हाताला?” नाही म्हटलं की हळहळायचे. त्यांची हळहळ खोटी नव्हती. “घाई करू नका. जनावर आहे ते. होईल.” आणि जाता जाता मस्तुराच्या डोक्यावर हात ठेवून जायचे. तो हात काढून फेकून द्यावासा मस्तुराला वाटायला लागलं होतं, आणि तसं वाटतंय याची लाजही वाटत होती. सहा वर्षांत ते तिला एक शब्दही वावगा बोलले नव्हते.

दिवस मात्र सरत होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. नासिफाला बसवावं तर पोरीच्या हातांची चाळण होते, न बसवावं तर बोट जाते. आणि मस्तुरा तिला बसवत राहिली. “बस गं, आज एकदाच,” असं रोज म्हणत राहिली. स्वतःच्या आवाजातला तो गोडवा तिला नंतर फार दिवस आठवणार होता.

मग तिनं डोकं चालवायचं ठरवलं. हा कोंबडा ओळखतो तरी काय? ते एकदा कळलं की नासिफाला तेवढंच शिकवता येईल.

तिनं नासिफाचा फुलाफुलांचा सारोंग नेसून बसून पाहिलं. चामात आला, नाचला, चढला. म्हणजे सारोंगची गोष्ट गावानं उगाचच जपली होती. एरवी ती ‘कुर् कुर्’ करून बोलवायची, त्या दिवशी ओठ मिटून बसली. तरी आला. तोंडावर टॉवेल गुंडाळला, तरी आला. शेवटी तिनं परसातल्या कुडाला खालच्या बाजूला भोक पाडलं, स्वतः पलीकडं बसली आणि भोकातून फक्त दोन हात आणि हातातली कोंबडी अलीकडं धरली. नासिफा लांबून बघत होती.

“आला, मबाक! नाचतोय! तुम्ही दिसत पण नाही, तरी नाचतोय!”

म्हणजे हात. तिनं कोंबडी सोडून दिली. कोंबडी पळून गेली. तिनं रिकामे हात भोकातून बाहेर मातीवर ठेवले आणि दम धरला.

पंख मातीला घासल्याचा आवाज तिला ओळखीचा होता. एक वेढा, मग उलटा वेढा. मग चोचीनं काहीतरी उचलून तिच्या बोटांपुढं टाकलं, ‘कुक कुक’ केलं, पुन्हा उचललं, पुन्हा टाकलं. नर आपल्या कोंबडीला दाणा दाखवतो ना, तसा. बहुतेक एखादी मुंगी असावी. मग त्याचे थंड पाय तिच्या मनगटावर चढले.

मस्तुरानं हात ओढून घेतले आणि कुडाला टेकून बसली. इतकी वर्षं ती समजत होती की आपण मध्ये आहोत, कोंबडा कोंबडीला गाठतो आणि आपण नुसता आधार देतो. कोंबडी त्याच्या लेखी नव्हतीच. एखादी गादी असावी तेवढीच ती होती. तो मस्तुराच्या हातांपुढं नाचत होता, रोज सकाळी, मनापासून. तिला हसू आलं, मग किळस आली, मग त्या मुक्या जिवाची इतकी दया आली की डोळे भरले.

“काय झालं, मबाक?”

“काही नाही. तू हात धुऊन घे. आता बसायचं नाही तुला.”

सासू, बू साती, स्वयंपाकघराच्या दाराशी मक्याची कणसं सोलत बसली होती. पाय लांब करून. तिचे गुडघे वाकत नसत, नमाजसुद्धा खुर्चीवर बसून पढायची. मस्तुरा तिच्यासमोर जाऊन बसली आणि एक कणीस ओढून घेतलं.

“बू, चामात हात ओळखतो. माझे हात.”

“हं.”

“नासिफाचे शिकणार नाही तो.”

“नाही शिकणार,” बू साती म्हणाली. “अंड्यातून निघाल्यावर पहिल्या आठवड्यात जो हात चारतो, तो त्याचा. पुढं मरेपर्यंत दुसरा नाही. माझाही होता एक. लुराह म्हणायचो त्याला. तुझा तालुक्याचा साहेब, माझा साधा गावचा पाटील. बारा वर्षं जगला मेला.” तिनं गुडघ्यावर हात फिरवला. “ही त्याची ठेव.”

“तुमच्याकडं कुठून आला होता तो?”

“ह्यांनीच दिला. माझा भाऊ मला सुमेनेपला न्यायला आला होता, तिकडं पोळ्या भाजायचं दुकान काढत होता. म्हणाला, ताई, तू ये, गल्ल्यावर बस. त्याच आठवड्यात ह्यांनी लाकूडतोड्याकडून पिल्लू आणलं. एवढुसं. माझ्या ओंजळीत ठेवलं आणि म्हणाले, बघ, तुझ्याशिवाय मरेल.” ती जराशी हसली. “खोटं नव्हतं ते. खरंच मेलं असतं.”

मस्तुराच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. मोक्सेन गेला तो सोमवार होता. ती धक्क्यावरून रडत परत आली होती, दोन महिन्यांत मागोमाग जायचं ठरलं होतं. बुधवारी सासऱ्यांनी टोपलीतून एक पिल्लू आणलं. “वाढव हे. तुझा वेळ जाईल,” म्हणाले होते. किती बरं वाटलं होतं तेव्हा. माणूस किती प्रेमळ आहे, असं ती सगळ्यांना सांगत सुटली होती.

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली. “तेव्हाही, आणि आता हे इतके दिवसही. मग बोलला का नाही, बू?”

बू सातीनं हातातलं कणीस सोलून बाजूला टाकलं.

“बोलले असते तर तू गेली असतीस. मग परत मलाच बसावं लागलं असतं. लुराह नुकता मेला होता गं तेव्हा. मी पहिल्यांदाच सकाळी उशिरापर्यंत झोपत होते.” मग तिनं मान वर केली. “आणि तू काय वेगळं केलंस? त्या पोरीचे हात बघितलेस का?”

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं? सासऱ्यांनी तिला न सुटणारं गणित घातलं होतं, हे खरं. पण ते सोडवायला तिनं नासिफाला पुढं केलं होतं, हेही तितकंच खरं.

त्या दिवसापासून ती चामातपुढं गेली नाही. दाणा-पाणी नासिफा लांबूनच ठेवू लागली. तिच्या हाताखेरीज त्यानं खायला तरी शिकावं, एवढंच मस्तुराच्या मनात होतं. तो तिच्या चाहुलीनं खुराड्याच्या काड्यांना छाती लावून उभा राहायचा. ती पाण्याला जाताना लांबून वळसा घालून जायची.

बोटीला दोन दिवस उरले तेव्हा पाक मातनावी दुपारचे लवकर घरी आले. हातात झाकलेली टोपली होती. ओटीवर बसून त्यांनी नासिफाला हाक मारली.

“ये पोरी. त्या दुष्टानं तुझे फार हाल केले. बघ, मी तुझ्यासाठी काय आणलंय.”

टोपलीत पिल्लू होतं. तपकिरी पट्ट्यांचं, कालचं, फार तर परवाचं. नासिफानं चिंध्या बांधलेले हात पुढं केले. पिल्लू तिच्या तळव्यावर उभं राहिलं, डगमगलं, आणि बोटांच्या मध्ये शिरून बसलं.

“अगं बाई! मबाक, बघा ना, कसं शिरलं!” तिचा चेहरा उजळून निघाला होता. “हे माझं?”

“तुझंच. तांबड्या मुंग्यांची अंडी चार, बोटानं चार, ताटलीत ठेवू नकोस. ऊब दे. तुझ्याशिवाय मरेल ते.” मग ते मस्तुराकडं वळले आणि त्यांचा आवाज आणखी मऊ झाला. “हे वाढेपर्यंत तेवढं एक वर्ष चामातला सांभाळ, मस्तुरा. मग जा. मोक्सेनला मी सांगतो. एक वर्ष म्हणजे काय गं, चुटकीसारखं जातं.”

दारात बू साती उभी होती, चौकटीला धरून. नासिफा पिल्लाला गालाशी धरून ‘कुर् कुर्’ करत होती, अगदी मस्तुरासारखी.

“दे इकडं,” मस्तुरा म्हणाली.

“थांबा ना, मबाक, आत्ताच तर—”

“दे म्हणते ना.”

नासिफानं दिलं. पाक मातनावी हसले, थोरल्या सुनेला पाझर फुटला असं त्यांना वाटलं. पिल्लाचं पोट गरम होतं, त्याची धडधड मस्तुराच्या अंगठ्याखाली लागत होती, आणि एक क्षणभर तिची बोटं आपोआप त्याच्याभोवती मिटली. तिनं ती उघडली. सासऱ्यांपुढं गुडघ्यांवर बसली, त्यांचा उजवा हात धरून उताणा केला आणि पिल्लू त्यांच्या तळव्यावर ठेवलं.

“तुम्ही वाढवा, पाक.”

“अगं, हे काय? बाप्याच्या हाताला लागत नाही ते. बाप्याला वैरी समजतं.”

“पिल्लाला दाढी कळत नाही. त्याला हात कळतो. मी बघितलंय.”

“आमच्या आजापणजापासून बायकाच धरत आल्या—”

“त्यांनाही बायका होत्या म्हणून,” मस्तुरा म्हणाली. “मी गुरुवारी जाणार. आणि नासिफा ईदनंतर जाणार. तुम्हाला नको असेल तर खाली ठेवा त्याला.”

पाक मातनावींनी ते खाली ठेवायला हात जमिनीकडं नेला. पिल्लू किंचाळायला लागलं, एवढ्याशा छातीतून निघावं कसं असं ओरडलं. त्यांनी हात परत उचलला. ते गप्प झालं. त्यांनी इकडं तिकडं बघितलं, कोणी घेतंय का. नासिफाचा हात पुढं झाला, तो मस्तुरानं धरला.

तेव्हा बू साती हसली. मस्तुरानं तिला इतकं मोठ्यानं हसताना कधी ऐकलं नव्हतं. चौकटीला धरून, गुडघे दुखत असताना, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली.

“धरा, धरा,” ती नवऱ्याला म्हणाली. “बाराच तर वर्षं आहेत.”

गुरुवारी नासिफा धक्क्यापर्यंत गाठोडं घेऊन आली. बोटीची शिट्टी एकदा झाली होती. फळी चढायच्या आधी मस्तुरानं मागं बघितलं तर पाक मातनावी गर्दीतून वाट काढत येत होते. टोपी तिरकी झाली होती, एक हात सदऱ्याच्या आत. हमाल ओरडला, “पाक, अंडी उबवताय काय?” लोक हसले. म्हातारा हसला नाही, रागावलाही नाही. सदऱ्यातून बारीक चिवचिव ऐकू येत होती.

“चामातनं तीन दिवस दाण्याला तोंड लावलं नाही,” ते म्हणाले.

मस्तुरानं त्यांच्या तोंडाकडं बघितलं. ते खोटं बोलत नव्हते. ते कधीच खोटं बोलले नव्हते, तिथंच तर सगळं अडलं होतं.

“नासिफा टाकत नाही का दाणे?”

“टाकते. तो बघतही नाही. परसाच्या दाराकडं तोंड करून बसतो. तू येशील म्हणून बसतो, मस्तुरा.”

फळीवर तिच्या मागं माणसं खोळंबली होती. कोणीतरी म्हणालं, चढायचं तर चढा ना बाई. एवढंच म्हणायचं होतं, की बरं, पुढच्या बोटीनं जाते. फार तर आठ दिवस, त्याला खायला लावते आणि जाते. शब्द तोंडात तयार होते. तेवढ्यात पिल्लू पुन्हा ओरडलं आणि म्हाताऱ्याचा दुसरा हात आपसूक सदऱ्यावर गेला. “श्श, श्श, आहे, आहे,” ते सदऱ्यात मान घालून म्हणाले, आणि दोन दिवसांत कुठं शिकले कोण जाणे, ‘कुर् कुर्’ केलं.

“त्याचं खुराडं हलवा,” मस्तुरा म्हणाली. “दार दिसलं की वाट बघतो. आंब्यामागं ठेवा. मुंग्यांची अंडी ओली करून द्या, ती तो सोडत नाही.” आणि ती चढली.

बोट सुटली. नासिफा चिंध्यांचे हात हलवत राहिली. मस्तुरानं हात हलवला नाही. दोन्ही हात तिनं सारोंगच्या ओच्यात घट्ट गुंडाळून धरले होते, बेट दिसेनासं झालं तरी बाहेर काढले नाहीत, आणि नवऱ्याकडं निघालेल्या बाईनं रडू नये इतकी ती रडत होती. शेजारी एक म्हातारी कोळीण बसली होती. तिनं बराच वेळ बघितलं आणि मग पाठीवर हात ठेवला.

“मागं कोण राहिलं गं? लेकरू का?”

“नाही,” मस्तुरा म्हणाली, आणि ओच्यातले हात आणखी घट्ट आवळले.